फॉर्म पाचव्या टप्प्यावर येतो: समाजकार्यातली पहिली केस कशी हाताळावी

फील्डवर्कच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एखादी विद्यार्थिनी भरलेला फॉर्म आणून माझ्या टेबलावर ठेवते. संजय गांधी निराधार योजनेचा, नाहीतर बालसंगोपन योजनेचा; दोन्हींत घराला महिन्याला सरकारी मदत मिळते. काम फत्ते झाल्याचा चेहरा. मी विचारते, "घरात माणसं किती?" "तीन. बहुतेक चार." "मुलगा शाळेत का जात नाही?" "ते नाही विचारलं, मॅडम. नवरा वारलाय ना त्यांचा, म्हणून निराधारचा भरला."

फॉर्म भरणं वाईट नाही. पण सात टप्प्यांच्या कामात तो पाचव्यावर येतो. आधीचे चार गाळून भरलेला फॉर्म तहसीलमधून परत येतो, किंवा मंजूर होतो आणि घरातली अडचण जिथल्या तिथे राहते. दरवर्षी तीच चूक वाचून कंटाळा आला, म्हणून हा लेख. एमएसडब्ल्यू-बीएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदवी अभ्यासक्रमांच्या) पहिल्या वर्षाला असलेल्यांसाठी आणि संस्थेत नुकत्याच रुजू झालेल्यांसाठी.

उदाहरण एकच धरू, सोलापूरचं. विडी वळणारी एक बाई. घरात तेलुगू बोलतात, सगळी गल्ली तिला अक्का म्हणते. नवरा यंत्रमागावर होता, दोन वर्षांपूर्वी वारला. तेरा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी. तीन-चार केसेस मिसळून आणि ओळख पुसून हे उदाहरण तयार केलं आहे.

आधी डोक्यात काय हवं

परीक्षेत आपण सहा पद्धती लिहितो: व्यक्तिसहाय्यकार्य, गटकार्य, समुदाय संघटन, सामाजिक कृती, संशोधन, समाजकल्याण प्रशासन. अक्का मात्र सहा भागांत वाटून येत नाही. तिचा प्रश्न एकाच वेळी घरातला असतो, गल्लीतला असतो आणि सरकारी नियमातलाही. त्यातला कुठला धागा आधी ओढायचा हे ठरवून त्याप्रमाणे पद्धत आणि भूमिका बदलत जाणं, याला जनरलिस्ट काम म्हणतात. सगळ्यातलं थोडं-थोडं येणं असा त्याचा अर्थ नाही.

तीन गोष्टी सतत लागतील. एक, माणूस त्याच्या परिस्थितीसकट बघणं: "अक्का मुलाकडे लक्ष देत नाही" हे वाक्य तिच्या कामाचे तास मोजल्याशिवाय लिहायचं नाही. दोन, बलस्थानं शोधणं. अडचणी सांगायला सगळे तयारच असतात. तीन, स्वयंनिर्णय: निर्णय तिचा, आपलं काम तिच्यासमोर पर्याय खरे आणि स्पष्ट ठेवण्याचं. या तिसऱ्याला मर्यादा आहेत, त्या चौथ्या टप्प्यात येतील.

टप्पा १: जाण्याआधीची तयारी

१. केस कुणी पाठवली ते बघा. अंगणवाडी सेविकेनं, शाळेनं, की अक्का स्वतः आली? तिसऱ्यानं पाठवली असेल तर तुम्ही येणार हे तिला माहीत आहे का, हे आधी विचारा. नसेल तर ज्यानं पाठवली त्याच्याकडून निरोप जाऊ द्या. अचानक दारात उभं राहिलं की गल्लीला वाटतं वसुलीवाले आले. या केसमध्ये ते किती खरं होतं, हे पुढे कळेल.

२. आपली संस्था काय करू शकत नाही, ते सुपरव्हायजरला विचारून लिहून ठेवा. रोख मदत देते का? कोर्टात सोबत जाते का? अर्ध्याहून जास्त खोटी आश्वासनं या अज्ञानातून दिली जातात.

३. स्वतःची साधनवही करा. तहसीलची संजय गांधी शाखा, महापालिकेचा जन्म-मृत्यू विभाग, रेशन कार्यालय, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालकल्याण समितीच्या बैठकीचे वार, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, सरकारी दवाखाना. प्रत्येक नोंदीपुढे खिडकी कुठली, कुठल्या वारी काम चालतं, कागद कुठले, आणि ही माहिती तुम्ही शेवटची कधी खात्री केलीत ती तारीख. तारीख नसलेली नोंद म्हणजे गल्लीतली ऐकीव बातमी. पहिल्या पानावर हे क्रमांक: ११२ पोलीस, १०९८ मुलांसाठी, १८१ महिलांसाठी, १५१०० मोफत कायदेशीर मदत, १४४१६ टेलिमानस (मानसिक आरोग्यासाठी).

४. भाषा विचारून ठेवा. अक्का बाजारापुरतं मराठी बोलते. नवऱ्याच्या मरणाबद्दल ती तेलुगूतच बोलणार.

*सावधान:* घरातल्या मुलाला दुभाषी करू नका. एका विद्यार्थिनीनं नऊ वर्षांच्या मुलीकडून "बाबा कसे वारले ते आईला विचार" असं भाषांतर करून घेतलं. मुलीनं विचारलं. आईनं उत्तर दिलं नाही, आणि पुढच्या दोन भेटींत दारच उघडलं नाही. संस्थेतली तेलुगू बोलणारी सहकारी, नाहीतर अक्काच्या पसंतीची एखादी बाई बघा. शेजारीण सोयीची असते; पण तिच्याच गटात अक्काचं कर्ज असेल तर ती दुभाषी म्हणून चालणार नाही.

टप्पा २: पहिली भेट

या भेटीत फॉर्म न्यायचा नाही. फोटो काढायचा नाही. आधार कार्ड मागायचं नाही. पर्समध्ये छोटी वही असू द्या, ती विचारून बाहेर काढा.

वेळ तिच्या कामावरून ठरवा. पानं भिजवणं, कापणं, वळणं आणि कारखान्यात विड्या देऊन येणं, या चक्रात तिला मोकळं कधी वाटतं ते विचारा. हात चालू ठेवूनच ती बोलणार. "जरा काम बाजूला ठेवा ना" म्हणू नका. विड्यांच्या नगावर पैसे मिळतात, तुमच्या अर्ध्या तासाची मजुरी तिच्या खिशातून जाते.

ओळख अशी करून द्या: "अक्का, मी अमुक संस्थेतून आलेय. अजून शिकतेय. एप्रिलपर्यंत आठवड्यातून दोनदा वस्तीत असते." शेवटचं वाक्य पहिल्याच दिवशी सांगायचं. आपण जाणार आहोत हे एप्रिलमध्ये सांगणारे विद्यार्थी माणसाला दुसऱ्यांदा सोडून गेल्यासारखे जातात.

मग गोपनीयता. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, कारण विश्वास बसावा म्हणून आपण म्हणून टाकतो, "तुम्ही सांगाल ते कुणालाही सांगणार नाही." हे वचन तुम्हाला पाळता येणार नाही. म्हणायचं असं:

"तुम्ही सांगाल ते मी वस्तीत कुणाला सांगणार नाही. माझ्या मॅडमना सांगावं लागतं, त्या माझं काम तपासतात. आणि कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा लहान मुलासोबत काही वाईट होत असेल, तर मला गप्प बसता येणार नाही."

हे वरवरचं बोलणं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या कुणालाही ती पोलिसांना कळवावीच लागते. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. विद्यार्थी असल्याची सूट नाही.

नंतर एकच प्रश्न आणि भरपूर शांतता: "सध्या सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो?" उत्तर जसंच्या तसं, तिच्या शब्दांत लिहा. अक्का म्हणाली, "शुक्रवारचा." विद्यार्थिनीला कळलं नाही, तिनं लिहिलं "आर्थिक समस्या". एवढी मौल्यवान ओळ दोन कोरड्या शब्दांत गेली.

रेकॉर्डिंग, म्हणजे भेटीची लेखी नोंद, त्याच रात्री. दोन नमुने बघा.

पहिला: "घरातील वातावरण निराशाजनक होते. आई अशिक्षित असून मुलाच्या शिक्षणाबाबत उदासीन आहे."

दुसरा: "दुपारी १२.२० ला पोचले. अक्का उंबऱ्यापाशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या. मी बसल्यावर मुलीला पाणी आणायला सांगितलं. मुलाचा विषय काढला तेव्हा हात थांबले, मग परत चालू झाले. म्हणाल्या, 'तो हुशार होता.' भिंतीवर त्याचं चौथीचं प्रशस्तिपत्रक फ्रेम करून लावलेलं आहे."

उदासीन बाई प्रशस्तिपत्रक फ्रेम करत नाही. पहिल्या नमुन्यात हे दिसायला जागाच नव्हती. पाहिलेलं एका परिच्छेदात, तुम्हाला काय वाटलं ते वेगळ्या परिच्छेदात, "माझं मत" असं लिहून. आयसीला, म्हणजे सुपरव्हायजरसोबतच्या एकेकट्या चर्चेला, मी आधी पहिला परिच्छेद वाचते.

*तपासा:* भेटीनंतर तीन प्रश्नांची उत्तरं देता येतात का? तिला स्वतःला काय हवं आहे? तुम्ही कोण आणि कधीपर्यंत आहात, हे तिला कळलं का? तुम्ही कुठलं वचन देऊन आलात? तिसऱ्याचं उत्तर "पुढच्या गुरुवारी येते" याहून मोठं असेल तर सुपरव्हायजरला लगेच सांगा.

टप्पा ३: आकलन

दोन ते चार भेटी इथे जातात. जाऊ द्या.

*कुटुंबाचा नकाशा.* पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, वारलेल्यावर फुली. तीन पिढ्या. शक्य असेल तर अक्कासोबत बसून काढा; कागदावर बोट ठेवून बोलताना माणूस वेगळं बोलतो. असं काढताना दीर निघाला. तो तेलंगणातल्या मूळ गावी राहतो, घराच्या जागेवरून बोलणं बंद आहे. नणंदही निघाली, ती दर आठवड्याला फोन करते.

*परिसराचा नकाशा.* मधे घर, भोवती वर्तुळं: विडी कारखाना, शाळा, रेशन दुकान, बचत गट, कर्जवाल्या कंपन्या, देऊळ, माहेर, दवाखाना. घट्ट नात्याला जाड रेघ, पुसटाला तुटक, ताणाला नागमोडी. बाण मात्र विसरू नका: ताकद कुठून कुठे जाते? माहेरहून घराकडे बाण असेल तर आधार आहे, घराकडून माहेराकडे असेल तर ओझं. बहुतेकांच्या नकाशात बाणच नसतात आणि मग तो नुसता रांगोळीसारखा दिसतो.

*आठवड्याचा पैशाचा हिशेब.* महिन्याचा विचारू नका, ज्या घरात मजुरी आठवड्याला येते तिथे महिना हा हिशेबच नसतो. सोमवार ते रविवार, आलेले आणि गेलेले. इथे "शुक्रवारचा" उलगडा झाला. नवऱ्याच्या आजारपणात अक्कानं तीन ठिकाणी गटाचं लोन काढलं होतं. हप्त्याचे वार सोमवार, बुधवार, शुक्रवार. पहिले दोन विड्यांतून निघायचे. शुक्रवारचा निघत नव्हता, म्हणून मुलगा गॅरेजवर लागला.

आता तो सुरुवातीचा फॉर्म आठवा. निराधारचे पैसे सुरू झाले असते तरी ते महिन्यातून एकदा आले असते. हप्ता दर शुक्रवारी आहे. मुलगा गॅरेजवरच राहिला असता, आणि आपण अहवालात "लाभ मिळवून दिला" असं लिहून मोकळे झालो असतो.

*कागदांची साखळी.* कुठला कागद कुठल्या कागदावर अवलंबून आहे, ते उलट्या क्रमानं लिहा. निराधारला उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, रेशन कार्ड, बँक पासबुक, आधार आणि नवऱ्याचा मृत्यू दाखला. विद्यार्थिनी मृत्यू दाखल्यासाठी महापालिकेत तीनदा जाऊन आली. नोंद सापडत नव्हती. कारण साधं होतं: शेवटच्या दिवसांत नवऱ्याला गावी नेलं होतं, तो तिकडे वारला. १९६९ च्या नोंदणी कायद्यानुसार मृत्यू जिथे घडतो तिथेच नोंदवला जातो, माणूस राहायला कुठे होता याचा संबंध नाही. मुदत २१ दिवसांची. वर्ष उलटून गेल्यावर नोंद करायची तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो.

"कुठे वारले?" हा एक प्रश्न दुसऱ्या भेटीत विचारला असता तर तीन हेलपाटे वाचले असते. दाखला निघालेलाही होता. तो दिराच्या ट्रंकेत होता.

*बलस्थानं.* निदान पाच लिहा, आणि "कष्टाळू", "सोशिक" असली विशेषणं नकोत. अक्काची यादी: एकही हप्ता पूर्ण बुडवलेला नाही. मुलीची शाळा चालू ठेवली. नणंदेशी संबंध टिकवले. तिन्ही कर्जांची कार्डं एका पिशवीत नीट ठेवली आहेत. गल्लीतल्या बायका विड्यांच्या हिशेबाचं भांडण तिच्याकडे आणतात. शेवटचं बलस्थान सहाव्या टप्प्यात कामाला आलं.

*सावधान:* आकलन चालू असताना मुलावर हिंसा, आत्महत्येचं बोलणं, घरातली मारहाण यातलं काही दिसलं तर टप्पे बाजूला ठेवा. त्याच दिवशी, त्याच तासात सुपरव्हायजरला फोन, गरज असेल तिथे ११२ किंवा १०९८. "पुढच्या भेटीत नीट समजून घेईन" हा विचार इथे चालत नाही.

टप्पा ४: योजना, तिच्यासोबत

विद्यार्थिनीचा क्रम होता: आधी पेन्शन (निराधारचे पैसे), मग मुलगा, कर्ज शेवटी. अक्काचा क्रम: आधी शुक्रवार, मग मुलगा, पेन्शन जमलं तर. तिचाच क्रम घ्यायचा. ज्या गोष्टीचा तिला रोज त्रास आहे तिथे थोडा फरक पडला की पुढच्या कामाला तिचा हात लागतो.

स्वयंनिर्णयाची मर्यादा इथे येते. मुलगा तेरा वर्षांचा आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला गॅरेजवर कामाला ठेवणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि शिक्षण हा मुलाचा हक्क आहे; तो आईच्या मर्जीचा विषय नाही. हे अक्काला धमकीसारखं सांगायचं नाही आणि लपवायचंही नाही. "हे असंच चालू ठेवता येणार नाही, अक्का. मला आज मॅडमना सांगावं लागेल. पण तो घरी बसला तर शुक्रवारचं काय, हे आपण सोबतच ठरवू." मालकाविरुद्ध तक्रार कधी आणि कशी, हे विद्यार्थ्यानं एकट्यानं ठरवायचं नाही, सुपरव्हायजर आणि बाल संरक्षण कक्षाशी बोलूनच. आणि मुलाशी वेगळं बोला. अख्ख्या फाइलमध्ये मुलाचं एक वाक्यही नाही, अशा फाइली मी मोजणं सोडून दिलं आहे.

योजना एका पानात: काय, कोण, कधीपर्यंत. प्रत्येक ओळीत कुणाचं तरी नाव हवं, आणि निदान अर्ध्या ओळींत अक्काचं. सगळ्या ओळी तुमच्याच नावावर असतील तर एप्रिलमध्ये काम बंद पडणार. तिच्या भाषेत वाचून दाखवा, एक प्रत तिच्याकडे ठेवा.

टप्पा ५: भूमिका ठरवून कृती

आता फॉर्म. पण प्रत्येक कामाआधी स्वतःला विचारा: या दारातून आत जाताना मी कोण आहे?

*दुवा.* माणसाला योग्य सेवेपर्यंत पोचवणं. फोन नंबर देणं म्हणजे दुवा होणं नव्हे. आधी तिथे बोलून ठेवा, पहिल्यांदा सोबत जा, आणि काम झालं का ते आठवड्यानं विचारा. अक्काच्या केसमध्ये पहिलं दार तहसीलचं नव्हतंच, नणंदेचं होतं. तिनं भावाशी बोलून दाखला मिळवला आणि पोस्टानं पाठवला. नकाशातली जाड रेघ कामाला आली.

एकच पालक असलेल्या मुलांसाठीच्या बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, त्याला बालकल्याण समितीचा आदेश लागतो. निराधारचे महिन्याला १,५००. दोन्हींच्या रकमा आणि अटी बदलत असतात, अर्ज देण्याच्या आठवड्यात खिडकीवर पुन्हा विचारा.

निराधारच्या उत्पन्नमर्यादेवर थोडं थांबायला हवं. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत. भागून बघा, दिवसाला ५८ रुपयेसुद्धा पडत नाहीत. विडी वळणारी बाई यात कशी बसणार, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्याला पडतो, आणि दाखला "जमवून देणारा" एजंट तहसीलच्या आवारातच उभा असतो. तुम्ही आकडा सुचवायचा नाही. "तुम्ही बसत नाही" असं परस्पर सांगून तिला परतही पाठवायचं नाही. अर्ज करणं तिचा हक्क, चौकशी करणं तलाठ्याचं काम. तिनं खरं सांगावं आणि निकाल लेखी घ्यावा. मर्यादा अवास्तव वाटत असेल तर ती लढाई सहाव्या टप्प्याची आहे, तिच्या दाखल्यावर लढायची नाही.

*शिकवणारी.* कर्जाचे नियम अक्काला माहीत नव्हते, आम्हालाही वाचावे लागले. रिझर्व्ह बँकेचे सूक्ष्मकर्जाचे नियम सांगतात: वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. वसुली ठरलेल्या ठिकाणी करायची. कर्जदार सलग दोन किंवा जास्त वेळा तिथे आला नाही तरच घरी जाता येतं. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन नाहीत. धमकी, शिवीगाळ नाही. तक्रार आधी कंपनीकडे, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्याला पैसे लागत नाहीत. चौकशीसाठी १४४४८.

*सावधान:* "मग भरूच नका" हे कधीही बोलू नका. कर्ज खरं आहे. शिवाय गटाच्या कर्जात एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या बायकांवर दबाव येतो. अक्काला सगळ्यात लागलेलं बोलणं एजंटचं नव्हतं, समोरच्या घरातल्या मैत्रिणीचं होतं.

*मध्यस्थ की पैरवी करणारी?* भूमिकांत सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. मध्यस्थ दोन्ही बाजूंची असते, दोघांना मान्य होईल असा मार्ग शोधते. पैरवी करणारी उघडपणे सेवार्थीच्या, म्हणजे जिची केस आहे तिच्या, बाजूनं उभी असते. दोन्ही भूमिका चांगल्या, पण एका टेबलावर एकीलाच दोन्ही करता येत नाहीत. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका सासू-सुनेच्या भांडणात मध्यस्थ म्हणून बसले आणि वीस मिनिटांनी सासूला तिच्या चुका ऐकवत होते. सासू उठून गेली. सूनही घाबरली, कारण रात्री त्याच घरात तिला राहायचं होतं.

म्हणून बसण्याआधी ठरवा आणि दोन्ही बाजूंना सांगा. दिराशी बोलताना आम्ही मध्यस्थ होतो. जागेचा वाद कुणाचा खरा, यावर एक शब्दही काढला नाही. कर्ज कंपनीच्या शाखेत गेलो तेव्हा पैरवीला गेलो होतो आणि पहिल्याच वाक्यात तसं सांगितलं. मागणी लेखी होती: हप्ता लहान करून मुदत वाढवावी, वसुलीला घरी येऊ नये. पोच घेतली. जिथे मारहाण आहे तिथे मात्र मध्यस्थी करायचीच नाही. तिथे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जायचं.

*सक्षम करणारी.* शाखेत बोलणार कोण? अक्का. आदल्या दिवशी घरी सराव केला, विद्यार्थिनी मॅनेजर झाली. दोनदा अक्का मधेच थांबली, तिसऱ्यांदा कार्डांची पिशवी उघडून एकेक हप्ता दाखवत बोलली. प्रत्यक्षात विद्यार्थिनी तिच्या अर्धं पाऊल मागे उभी होती. खिडकीवर उभं कसं राहायचं हेसुद्धा शिकावं लागतं: तुम्ही पुढे झालात की कारकून तुमच्याशी इंग्रजीमिश्रित बोलायला लागतो आणि जिचं काम आहे तिच्याकडे कुणी बघत नाही.

*समन्वयक.* शाळा, कक्ष, तहसील, कंपनी, सगळीकडून येणारी माहिती एका तक्त्यात ठेवणं. कंटाळवाणं काम आहे, ते टाळू नका. मुख्याध्यापकांना बाल संरक्षण कक्षानं काय सांगितलं हे तुम्हाला माहीत नसेल तर अक्काला दोन दारांवर दोन उत्तरं मिळतात. शाळेसाठी एवढं लक्षात ठेवा: शिक्षण हक्क कायद्यानुसार मुलाला वयाप्रमाणे वर्गात प्रवेश आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण मिळायला हवं. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

समुपदेशनाबद्दल एवढंच: ऐकणं तुमचं काम आहे, निदान करणं नाही. झोप नाही, जेवण जात नाही, असं महिनोन् महिने चालू असेल तर दवाखाना किंवा १४४१६.

*तपासा:* रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक कृतीपुढे भूमिकेचं नाव लिहा. सलग पाच नोंदींत "दुवा" एवढंच येत असेल तर तुम्ही फॉर्म पोचवण्याचं काम करताय.

टप्पा ६: एका घरातून गल्लीत

त्याच गल्लीत आणखी सहा घरी संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन येत होते. मग ती अक्काची खाजगी अडचण उरली नाही. गट बांधताना अक्काचं नाव उदाहरण म्हणून वापरायचं नाही, तिनं स्वतः ठरवलं तरच. ती स्वतःच पुढे आली, भांडणं सोडवणारी म्हणून तिला मान होताच. तीन बैठका झाल्या: पहिलीत प्रत्येकीनं आपली कार्डं आणली, दुसरीत नियम वाचले, तिसरीत सगळ्यांच्या सह्यांचं एक पत्र तयार झालं.

चूक होते ती बैठकीत आपणच भाषण करण्याची. पंधरा मिनिटांहून जास्त आपला आवाज ऐकू आला तर थांबा. उत्पन्नमर्यादेसारख्या धोरणाच्या प्रश्नाला आकडे लागतात. तुमच्या कामातून नाकारल्या गेलेल्या अर्जांची नोंद, कारणासह, नावं काढून, संस्थेकडे जमा करत जा. एका विद्यार्थ्याच्या वर्षात धोरण बदलत नाही, पण नोंद ठेवली नाही तर पुढच्या वर्षीचा विद्यार्थी पुन्हा शून्यापासून सुरू करतो.

टप्पा ७: आढावा आणि निरोप

दर सहा आठवड्यांनी चौथ्या टप्प्याचं पान काढून अक्कासोबत वाचा. एक कंपनी मुदत वाढवायला तयार झाली, दुसरीनं उत्तर दिलं नाही, तिची तक्रार पुढे गेली. मुलगा शाळेत जातो, पण परीक्षेच्या आठवड्यात दोन दिवस गेला नव्हता. निराधारचा अर्ज प्रलंबित. असंच लिहा. "केस यशस्वी" असा शिक्का मारू नका.

निरोपाची तयारी शेवटच्या भेटीच्या महिनाभर आधी सुरू करा, दर भेटीत किती भेटी राहिल्या ते सांगा. साडी, नारळ, डबा येईल. संस्थेचा नियम आधी विचारून ठेवा, आणि नाही म्हणायचं असेल तर चहा पिऊन म्हणा. स्वतःचा खाजगी मोबाइल नंबर देऊन येऊ नका, संस्थेचा द्या.

पुढे काम चालणार असेल तर नव्या कार्यकर्तीला सोबत घेऊन एक भेट करा. हस्तांतरणाच्या पानावर हे लिहा: आत्तापर्यंत काय झालं, काय अर्धवट आहे, पुढची तारीख कुठली, अर्जाचे पोच क्रमांक, तिच्याशी कुठल्या भाषेत आणि कुठल्या वेळी बोलावं, कुणासमोर काय बोलू नये. कागदपत्रांच्या मूळ प्रती अक्काकडेच आहेत ना, ते तिच्या घरी बसून एकेक मोजा. नवऱ्याचा मृत्यू दाखला पिशवीत सगळ्यात वर ठेवायला सांगा, आणि त्याच्या दोन झेरॉक्स नणंदेकडे.